नववीच्या मुलांकडून मनाचा अभ्यास करून घेताना

मानसशास्त्रावर प्रकल्प करा म्हटलं की मुलांचा पहिला विषय ठरलेला: मोबाइलमुळे नैराश्य येतं का? नैराश्य हे निदान आहे, ते करणं तज्ज्ञांचं काम. आणि ‘मुळे’ हा शब्द सिद्ध करायला एका शाळेतली एक पाहणी पुरत नाही. म्हणून विषय लहान करून द्यावा. मोबाइल अंथरुणात घेऊन झोपणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलांच्या झोपेत किती मिनिटांचा फरक असतो? हे मोजता येतं आणि कुणाच्या जिव्हारी लागत नाही.

सात दिवसांची झोपेची नोंद पुरते. कधी झोपलो, कधी उठलो, मध्ये जाग आली का, मोबाइल कुठे होता, एवढेच चार रकाने. ती रोज पहिल्या तासाला भरून घ्यावी. घरी दिली की शेवटच्या रात्री सातही ओळी एकदम भरल्या जातात, आणि मग सगळीकडे दहा, साडेदहा, दहा अशा गोल वेळा दिसतात. रविवारची नोंद सोमवारी घ्यावी लागते. तिच्यापुढे खूण करून ठेवावी. वजाबाकीतही हमखास चूक होते. रात्री ११.१५ ते पहाटे ५.४५ ही झोप साडेसहा तासांची, पण मुलं ११.१५ मधून ५.४५ वजा करून साडेपाच लिहितात. उठण्याच्या वेळेत २४ मिळवून २९.४५ मधून २३.१५ वजा करायला शिकवा.

ताण मोजायचा असेल तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांची दहा प्रश्नांची इंग्रजी श्रेणी (पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल, म्हणजे ताण मोजायची प्रश्नावली) सोपी आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ४०. चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा प्रश्न उलटे मोजायचे, म्हणजे ० ला ४ आणि ४ ला ०. ते विसरलं की निवांत मूलही तणावग्रस्त दिसतं. भाषांतर मुलांनी शब्दाला शब्द लावून केलं, की आठव्या प्रश्नातल्या ‘on top of things’चं ‘तुम्ही गोष्टींच्या वर होता का’ असं काहीतरी होतं. ‘सगळं आपल्या आटोक्यात आहे असं वाटलं का’ हे वर्गातल्या कुणालाही कळतं. भाषांतर झालं की दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत करून मूळ वाक्याशी ताडून पाहावं, मग पाच मुलांना मोठ्याने वाचायला लावावं. जिथे मूल अडखळतं तिथे दोष वाक्याचा असतो.

ही श्रेणी ‘गेल्या महिन्यात’ असं विचारते. गणपती होताच ती भरून घेतली तर भजनांची जागरणं आणि चाकरमान्यांनी भरलेलं घरही त्या गुणांत येतं. जुलै किंवा दिवाळीनंतरचा काळ बरा.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. आपल्याकडे वर्गात कधी कधी तेवीसच मुलं असतात. नाव लिहायचं नाही म्हटलं तरी ‘मुलगा, बंदरवाडी, वडील मासेमारी’ एवढ्यावर सगळा वर्ग त्याला ओळखतो. म्हणून वाडी आणि वडिलांचा व्यवसाय विचारूच नये. हस्ताक्षर नको, फक्त खुणा. कागद बंद खोक्यात टाकायचे. पाचपेक्षा कमी मुलांचा गट निकालात वेगळा दाखवू नये. आणि वर्गमित्रांचे कागद वर्गमित्रांनी उघडू नयेत. आकडे शिक्षकांनी भरावेत, मुलांच्या हाती फक्त तक्ता द्यावा.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि बारा वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची लेखी तयारीही. पालकांचा होकार असला तरी मुलाचा नकार अंतिम.

नैराश्याची पीएचक्यू-९ प्रश्नावली मात्र मुलांच्या हाती देऊ नका. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे कुणी खूण केली तर त्याच दिवशी त्या मुलाशी बोलणारं, गरज पडली तर जिल्हा रुग्णालयात किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात सोबत जाणारं मोठं माणूस लागतं. निनावी कागदावरून तर मूल शोधताही येत नाही. साध्या प्रश्नावलीनेही एखादं मूल हलतं, म्हणून सुरुवातीलाच कोणत्या शिक्षकांशी बोलायचं ते नावानिशी सांगून ठेवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर छापावा आणि वर्गातल्या प्रत्येकाला द्यावा, म्हणजे ती कुणाला हवी होती हे कुणालाच कळत नाही.