डावा हात

शनिवार, रात्री ११

पहिला सिंथ, म्हणजे विजेवर सूर घडवणारा कीबोर्ड, घ्यायचाय. महिनाभर एकच हट्ट धरून बसले होते: ८८ पट्ट्या हव्यात, त्याही पियानोसारख्या जड. चौदा वर्षं बाख आणि मोत्झार्ट वाजवल्यावर बोटं दुसरं काही मागतच नाहीत. आज कोल्हापूरच्या राजारामपुरीत मित्राच्या स्टुडिओत त्याच्या कॉर्ग मिनीलॉग या सिंथवर तीन तास बसले आणि तो हट्ट सुटला.

३७ पट्ट्या, त्याही बारक्या. एका वेळी चारच सूर. पाच सुरांचा कॉर्ड धरला, तर आधीचा एक सूर गपकन गेला. मग बाखचं चार आवाजांचं कोराल, म्हणजे चर्चमधलं समूहगीत, वाजवलं, तेव्हा बरोबर चार पुरले. रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ, वाढवला की मात्र विरत चाललेला सूरही जागा अडवतो, हे लगेच कळलं.

पियानोत हातोडी तारेवर पडली की सूर आपल्या हातचा सुटतो. पुढे तो फक्त विरत जातो. इथे पट्टी दाबून धरली की सूर तसाच उभा राहतो, आणि नुसता उभा राहिला तर निर्जीव वाटतो. त्याला हलवायचं काम डाव्या हाताचं. सुराचा झगझगीतपणा कमीजास्त करणारा कटऑफचा नॉब हळूहळू फिरवला, तसा बंद खोलीतून दार उघडून बाहेर आल्यासारखा तो सूर मोकळा झाला. शेपचा नॉब फिरवला की छोट्या पडद्यावर ध्वनिलहरीचा आकारही बदलताना दिसतो.

पण माझा डावा हात सारखा खालचे सूर शोधायला पळत होता. बाबा सोबत आले होते. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात, गोविंदराव टेंबे त्यांचं दैवत. ते बघत होते, मग म्हणाले, "अगं, उजव्यानं सूर, डाव्यानं भाता. पेटीच हाय की ही!"

त्यानंतर डावा हात नॉबवर थांबला.

मित्राने यामाहाचा १९८३ चा डीएक्स७ सिंथही दाखवला. ६१ पट्ट्या, १६ सूर, आवाज अप्रतिम. पण तो घडवायचा तर बटणं दाबत आकड्यांत शिरावं लागतं. मला पहिल्या सिंथवर एका नॉबचं एकच काम हवं, कान आणि हात यांच्या मध्ये काही नको.

मिनीलॉगच घेणार. बाबांच्या खोलीत, पेटीशेजारी ठेवायचा. त्यांनी दुपारीच तिथलं कपाट सरकवून जागा केली.