खांदा बसला पण हात उठेना

गेल्या पावसाळ्यात इंदूरला पलासियाजवळ गाडी घसरली, उजवा खांदा निखळला. तो बसवला, एक्सरे, झोळी, सगळं त्याच दिवशी उरकलं. पण दोन दिवसांनी बघते तर हात बाजूला उचलताच येईना, आणि दंडावर बाहेरून, लस टोचतात त्या जागी, बोट फिरवलं तर कातडी परक्याची वाटायची. डॉक्टर म्हणाले अ‍ॅक्झिलरी नर्व्ह, म्हणजे खांद्याच्या स्नायूला जाणारी नस, ताणली असेल, तीन आठवडे थांबून ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे झटके देऊन आणि सुई घालून नसा-स्नायूंची तपासणी, करू. मला कुठला धीर! चौथ्याच दिवशी एका सेंटरला जाऊन बसले.

तिथे कोणी विचारलंसुद्धा नाही की पडलात कधी. दोन तास बसवून मनगटाशी, कोपराशी झटके दिले, पैसे घेतले, रिपोर्ट नॉर्मल. घरी सगळे खूश, आई म्हणे बघ, उगाच घाबरलीस, आणि तिने तेल-मालिश सुरू केली. डॉक्टरांनी कागद उलटापालटा करून विचारलं, यात अ‍ॅक्झिलरी कुठंय? मीडियन आणि अल्नर, म्हणजे पंजाकडे जाणाऱ्या नसा, तपासलेल्या, म्हणजे ज्या नर्व्हसाठी गेले तीच नाही! परत त्या काउंटरवर गेले तर म्हणे मॅडम, चिठ्ठीवर अपर लिंब, म्हणजे नुसता हात, लिहिलंय, अपर लिंब केलं. दुसऱ्यांदा करायची तर पूर्ण पैसे. अर्धा तास भांडले, एका हाताने भांडायला पण जोर येत नाही. म्हणून सांगते, चिठ्ठीवर नर्व्हचं आणि स्नायूचं नाव लिहून घ्या, आणि घाई करू नका, नर्व्ह तुटली तरी पुढचा तुकडा काही दिवस करंट नेतो, म्हणून लवकर केली तर झटक्यांची टेस्ट नॉर्मल दिसू शकते, शिवाय इजा सुईच्या टेस्टमध्ये दिसायलाही दोन-तीन आठवडे लागतात.

तीन आठवड्यांनी दुसरीकडे केली. डेल्टॉइडमध्ये, म्हणजे खांद्यावरच्या स्नायूत, सुई घालून म्हणतात आता हात उचला, दुखतं, पण सोसवतं. अर्धवट इजा निघाली. नर्व्ह दिवसाला साधारण १ मिमी वाढते म्हणाले, तोवर खांदा आखडू नये म्हणून फिजिओ, आणि ३ ते ६ महिन्यांत काहीच हललं नाही तर सर्जनला दाखवायचं. माझं चौथ्या महिन्यात हललं, परवा वरच्या फळीवरचा शेवेचा डबा मीच काढला.

हो, टेस्टच्या दिवशी तेल लावू नका, माझा दंड तिथे तीनदा पुसावा लागला. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

तो पहिला रिपोर्ट अजून फाइलीत आहे, फिजिओवाली दर वेळी नेमका तोच उघडते आणि मी म्हणते, अगं तो नको, खालचा.