दोन पेले, एकच द्राक्ष

“दोन्ही पेल्यांत कॅबरने सोव्हिन्याँ या काळ्या द्राक्षाचीच वाइन आहे आणि वर्षही एकच आहे, एक द्राक्ष पायथ्याच्या मळ्यातले, दुसरे या वरच्या उतारावरचे,” असे सांगून वाइनरीतल्या बाईंनी दोन्ही पेले माझ्यापुढे सरकवले.

दुसऱ्या पेल्यातला घोट घेताच मी मत सांगू लागलो, तेव्हा त्यांनी हात किंचित वर केला. “थांबा. ती चव अजून संपलेली नाही.”

खरोखरच संपलेली नव्हती. घोट घशाखाली उतरल्यावरही जिभेच्या कडांना पाणी सुटत राहिले, मग हिरड्यांवर टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट द्रव्याचा, कोरडेपणा आला आणि त्याच्याही मागून काळ्या मनुकांसारखा मंद सुगंध दरवळत राहिला.

दर १०० मीटर चढावर हवा साधारणपणे ०.६ अंश सेल्सिअसने थंड होते, हे मी शाळेत शिकलो होतो; पण त्याच गारव्यामुळे रात्री द्राक्षाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल कमी खर्च होते, फळ सावकाश पिकते आणि पायथ्याच्या वाइनमध्ये न जाणवलेली ती तरतरी इथे टिकून राहते, हे त्या दुपारी मला प्रथमच जिभेवर कळले. उतारावरून पाण्याचा निचराही लवकर होतो. खिडकीबाहेरच्या वेली दिसायला किती साध्या होत्या!

फळाने महिनोन् महिने घेऊन जे साठवले, त्यावर मी तीन सेकंदांत निकाल देऊन मोकळा होणार होतो, ही गोष्ट घरी आल्यावरही मनातून जात नाही. मत देण्याची एवढी घाई मला नेमकी कशासाठी होती?