बाबांच्या तारखेला सुरू झालेला माझा धंदा

बाबा गेले त्या दुपारी हॉस्पिटलच्या खिडकीमागच्या मुलीने फॉर्म पुढ्यात ओढला आणि विचारलं, "तंबाखू खायचे का? किती वर्षं?" मी गप्प. आई म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हाही खिशात पुडी होतीच." मुलीने मनात हिशेब करून ४१ लिहिलं. मग विडी-सिगारेट, सुपारी, दारू. शेवटी व्यवसाय. "स्वतःचा कारखाना," आईनेच सांगितलं.

तेव्हा राग आला होता. नंतर कळलं, मृत्यू नोंदणीच्या नमुना २ चे दोन भाग असतात. नाव, पत्ता, तारखेचा भाग निबंधकाकडच्या नोंदीसाठी. व्यसनं, व्यवसाय, मरणाआधी उपचार मिळाले का, हा भाग आकडेवारीसाठी वेगळा काढतात. मृत्यूचं कारण डॉक्टर नमुना ४ वर निराळं लिहितात. राज्यात कशाने किती माणसं गेली हे जे छापून येतं, ते अशाच खिडक्यांवरून गोळा होत जातं. आईने निदान खरं सांगितलं. किती घरं "छे, कसलंच व्यसन नव्हतं" म्हणत असतील!

नोंद २१ दिवसांच्या आत झाली, दाखलाही आला. पण पॅनवर मधलं नाव पूर्ण, दाखल्यावर नुसतं आद्याक्षर. दुरुस्तीत अकरा दिवस गेले.

आमचा गाळा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. दोन लेथ, एक ड्रिल, एक मिलिंग, तीन कामगार. यंत्रांत बसणाऱ्या बुश आणि पिनांचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरीवर सुटे भाग बनवून देणं. मला वाटलं होतं, जीएसटी नोंदणीत मालकाच्या नावाच्या रकान्यात बाबांच्या जागी माझं नाव टाकलं की झालं. सीए मॅडमनी जीएसटी नंबर कागदावर लिहून दाखवला. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे बाबांचा पॅन. "माणूस गेला की हा नंबरही संपला. तुम्ही नवा काढायचा, वारस म्हणून, तीस दिवसांत."

तीसपैकी बरेचसे दाखल्याच्या दुरुस्तीतच गेले होते.

घाईघाईत मी बाबांची नोंदणी आधी रद्द करायला निघालो होतो. मॅडम जवळजवळ ओरडल्याच. बाबांच्या क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे पुढच्या करातून वळते करता येणाऱ्या रकमेच्या खात्यात, कच्च्या मालावर भरलेल्या कराचे ३८ हजार पडून होते. क्रम असा: आधी माझी नवी नोंदणी, कारणाच्या रकान्यात 'मालकाचा मृत्यू'. मग बाबांच्या खात्यातून आयटीसी-०२, म्हणजे क्रेडिट दुसऱ्याच्या नावे करायचा फॉर्म, सोबत सीएचं प्रमाणपत्र. मी माझ्या खात्यात ते स्वीकारलं की क्रेडिट इकडे येतं, आणि रद्द करण्याचा अर्ज त्यानंतर. उलटं केलं असतं तर ते पैसे अडकले असते. बाबांच्या खात्यात शिरायला मृत्यूचा दाखला देऊन वारस म्हणून माझं नाव अधिकृत करून घ्यावं लागलं. तोवर ओटीपी बाबांच्याच फोनवर. तो फोन मी दोन महिने चार्जिंगला लावून ठेवला होता.

मध्ये माझ्या नव्या अर्जावर जीएसटी खात्याची एक शंका-नोटीस आली: लाइट बिल वडिलांच्या नावे का? कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यायचं होतं. आईचं संमतीपत्र, वारसाचे कागद जोडले, सुटलो.

नव्या अर्जात एक तारीख विचारतात, कर भरायची जबाबदारी कधीपासून लागू झाली. वारसासाठी ती मालक गेला तो दिवस. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख मी स्वतःच्या हाताने तिथे टाइप केली. दोनदा चुकली.

उद्यमचंही, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचंही, तेच. बाबांचं प्रमाणपत्र त्यांच्या आधारवर, ते रद्द, माझं नवं. म्हणजे सरकारी तक्त्यांत एक मृत्यू वाढला, एक करदाता घटून एक वाढला आणि ठाणे जिल्ह्यात एक सूक्ष्म उद्योग 'नव्याने' नोंदला गेला. लेथ तोच, १९८९ चा. आता बजेटच्या तोंडावर राज्याची आर्थिक पाहणी येते आणि उद्योगांची संख्या इतकी वाढली म्हणतात, तेव्हा त्यात आमच्यासारखे किती, हे मनात येतंच.

जुन्या नंबरची, माल पाठवताना द्यायची सहा चलन बुकं उरली होती. शिक्का मारून चालवू का, विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, नवीनच छापा. लेथवरचे मामा त्या बुकांच्या पानांच्या कोऱ्या बाजूवर आता मापं लिहितात.