नाशिकरोडची भिंत आणि दुसरं महायुद्ध

तपोवन एक्सप्रेसमधून नाशिकरोडला उतरल्यावर बरोबरचे सगळे रामकुंडाकडे निघाले, मी जेलरोडला वळले. दुसरं महायुद्ध नाशिकच्या माणसांनी कसं भोगलं हे शोधायला आले होते, आणि सुरुवात देवळालीच्या तोफांपासून नाही तर नोटांच्या छापखान्यापासून करायची हे मनाशी पक्कं होतं.

प्रेसच्या आत अर्थातच जाता येत नाही. बाहेरून दिसते ती लांबलचक भिंत आणि पहारा. पण या भागात प्रेसमध्ये नोकरी केलेलं माणूस सहज भेटतं. मैत्रिणीचे काका तिथूनच निवृत्त झाले, त्यांचे वडीलही लढाईच्या काळात तिथेच कामाला होते. चहा होईपर्यंत काकांनी कपाटातून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत 1940 ची एक रुपयाची नोट. तळहाताएवढी, घडीवर विरलेली, आणि तिच्यावर सहाव्या जॉर्जच्या रुपयाच्या नाण्याचं चित्र. चांदी कमी पडत होती, लोक बंदे रुपये घरात दडवत होते, म्हणून सरकारनं रुपया कागदावर आणला. पहिल्या महायुद्धातही, 1917 मध्ये, एक रुपयाची नोट अशीच निघाली होती; पण ती विलायतेत छापलेली. नाशिकला नोटा छापायला सुरुवात झाली 1928 मध्ये.

"वडील सांगायचे, दिवसभर हाताखालून नोटा जायच्या आणि घरी बाजरी मापून शिजवायची," काका म्हणाले. "पगार तोच गं, भाव मात्र रोज नवा."

काकांच्या या दोन वाक्यांत त्या काळाचं सगळं अर्थकारण आहे. ब्रिटन हिंदुस्थानातून धान्य, कापड, दारूगोळा उचलत होतं. त्याचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या, म्हणजे ब्रिटिश पौंडांच्या रूपात हिंदुस्थानच्या नावावर जमा होत, आणि इथल्या व्यापाऱ्याला, शिपायाला द्यायचे रुपये त्या जमेच्या आधारावर छापले जात. युद्ध सुरू झालं तेव्हा देशात सुमारे 180 कोटींच्या नोटा फिरत होत्या. 1945 मध्ये त्या अकराशे कोटींच्या वर गेल्या. माल बाहेर जातोय आणि नोटा वाढताहेत, मग महागाई दुपटीच्या पलीकडे गेली यात नवल नाही. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, त्यामागच्या कारणांत ही महागाईही होती.

आपल्याकडे बराच काळ युद्धाचा इतिहास म्हणजे पलटणींचा इतिहास होता: कोण कुठे लढलं, कुणाला पदक मिळालं. दुसरीकडे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात 1942 च्या चळवळीपुढे युद्ध मागे पडलं. इतिहासकार इंदिवर कामतेकर यांनी 2002 मध्ये वेगळाच प्रश्न विचारला: युद्धाची किंमत कोणत्या वर्गानं मोजली? ब्रिटनमध्ये सरकारनं श्रीमंतांवर कर लादला आणि गरिबाला सांभाळलं. इथे कारखानदार, व्यापारी कमावून बसले आणि मजूर, शेतमजूर भरडला गेला, असं त्यांचं म्हणणं. यास्मिन खान, श्रीनाथ राघवन यांनीही पुढे रणांगणाच्या मागचा देश पाहिला. मला ही मांडणी पटते. काकांच्या घरात बसून तर फारच पटली.

दुपारी देवळाली कॅम्प. लॅम रोडची झाडी, जुने बंगले, हवा अजून छान. मुंबई बंदरात उतरलेले गोरे सैनिक इथे येत आणि परतणारे इथेच बोटीची वाट बघत. शत्रुदेशांच्या नागरिकांनाही इथे डांबलं होतं. ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर डेहराडूनला जाण्याआधी काही काळ इथल्याच छावणीत होता.

जवळच भगूर, सावरकरांचं जन्मगाव. युद्धकाळात हिंदू तरुणांनी सैन्यात शिरावं, असा त्यांचा आग्रह होता. संध्याकाळी मी पंचवटीत काळाराम मंदिराशी गेले. 1930 मध्ये बाबासाहेबांनी इथे सत्याग्रह सुरू केला. मंदिराचं दार उघडलं नाही, पण सैन्याचं दार उघडलं: 1 ऑक्टोबर 1941 ला महार रेजिमेंट उभी राहिली. आधीच्या महायुद्धात महारांची पलटण काढून नंतर मोडली होती, त्यामुळे या गणवेशाची किंमत वेगळी होती. जुन्या इतिहासकारांना भरतीत राजनिष्ठा दिसली, काहींना फक्त पोटाची खळगी. या दोन्हींत तो गणवेश बसत नाही. आणि पोटासाठी गेलेल्यांना कमी लेखणंही मला मान्य नाही. बाजरीचा भाव पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे.

परतीला मी पुण्याच्या रस्त्यानं निघाले, वाटेत संगमनेर तालुक्यातलं निमज लागावं म्हणून. हे दुसऱ्या महायुद्धात लढलेले सैनिक नामदेव जाधव यांचं गाव. 9 एप्रिल 1945 ला इटलीतल्या सेनियो नदीकाठी जखमी साथीदारांना वाचवून, शत्रूच्या मशिनगनवर चालून गेल्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

तुम्ही जाणार असाल तर एक सांगते: नाशिकचं तोफखान्याचं संग्रहालय लष्करी हद्दीत आहे, परवानगीची चौकशी आधीच करा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. पण नाशिकरोडला प्रेसमधलं कुणी ओळखीचं असेल, तर आधी त्यांच्या घरी जा.