पिंजऱ्यातील फिंच पक्ष्यांचे वेगळे प्रियाराधन

सोलापुरात गच्चीवर किंवा अंगणात जाळीची खोली करून फिंच पाळणाऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न वरचेवर निघतो. एखादा नर मादीला सोडून दुसऱ्या नरापुढे गातो, दोघे एकाच मडक्यात काथ्या नेतात, एकमेकांची मान चोचीने साफ करतात. तर अशांना वेगळे करावे का? माझे मत स्पष्ट आहे, करू नये. असे वागणे हा पक्ष्याचा आजार नव्हे. त्याला कोणी वाढवले, कोणाच्या संगतीत ठेवले आणि जोडीदार निवडायला कितपत वाव दिला, हे त्यातून दिसत असते.

आधी नेहमीची रीत पाहू. झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला पक्षी असल्यामुळे सावली आणि भरपूर पाणी मिळाले की आपला उन्हाळाही तो सोसतो. या जातीत गातो तो फक्त नर, आणि ते गाणे तो साधारण २५ ते ९० दिवसांच्या वयात, बहुधा बापाचे ऐकून शिकतो. मादीसमोर तो अंग फुलवतो, दांडीवर या बाजूने त्या बाजूला वळत, छोट्या उड्या घेत, गातगात तिच्याकडे सरकतो. मादी राजी असेल तर खाली वाकून शेपूट थरथरवते. गंमत अशी की हेच मादीसारखे शेपूट थरथरवणे कधीकधी नरही करतात. डेझमंड मॉरिस यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वर्तनाचे तपशीलवार वर्णन केले आहे.

नर-नर जोडीचे म्हणाल तर आधी लिंगाची खात्री करून घ्यावी. राखाडी नराच्या गालावरचा नारिंगी ठिपका आणि छातीवरची काळी पट्टी लांबूनही दिसते, पण पांढऱ्या रंगाच्या पक्ष्यांत या खुणा नसतात आणि केवळ चोचीवर भिस्त ठेवावी लागते. नराची लालभडक, मादीची त्यापेक्षा फिकी, नारिंगीकडे झुकणारी. ‘जोडी’ म्हणून घेतलेले दोन पांढरे पक्षी प्रत्यक्षात दोन नर निघणे मुळीच दुर्मीळ नाही. मात्र दोघे नर आहेत हे ठरल्यावरही त्यांचे नाते खोटे ठरत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ नरांच्या गटात वाढलेल्या झेब्रा फिंचांनी आपसात जोड्या जमवल्या, आणि पुढे माद्या आणून सोडल्यावरही त्यांतील अनेकांनी आपला जुना जोडीदार सोडला नाही. म्हणूनच अशी जोडी बळेच फोडणे मला निर्दयपणाचे वाटते.

मला स्वतःला सर्वांत जास्त गुंतवून ठेवते ते बेंगलीजांचे ऐकणे. पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून जपानमध्ये दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवलेला हा पक्षी. आमच्या जाळीत एक तपकिरी नर पोटाची पिसे फुगवून दांडीवर ताठ उभा राहतो आणि इतक्या हलक्या आवाजात गातो की रस्त्यावरून एखादी रिक्षा गेली तरी गाणे बुडून जाते. तेवढ्यात दुसरा पक्षी, पुष्कळदा तोही नरच, शेजारी येऊन बसतो, मान लांबवतो आणि आपले डोके गाणाऱ्याच्या चोचीजवळ नेऊन गाणे संपेपर्यंत स्थिर राहतो. गाणारा त्याला हुसकावत नाही. हे प्रियाराधन म्हणावे तर श्रोता नर, भांडण म्हणावे तर कोणी चोच उगारत नाही. आपल्या शिवारात दिसणाऱ्या ठिपकेवाल्या मुनियेतही हीच सवय आढळते, आणि तिचे गाणेही असेच जेमतेम ऐकू येणारे असते. ती मात्र दुर्बिणीतूनच पाहावी, कारण देशी मुनिया पाळणे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

याहून सूक्ष्म प्रकार आफ्रिकेतल्या निळ्या डोक्याच्या कॉर्डन ब्ल्यू फिंचचा. यात नर आणि मादी दोघेही चोचीत काडी धरून गातात आणि वरखाली डोलतात, एवढे आपल्याला दिसते. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपल्यावर कळले की त्या प्रत्येक डोलण्यात ते दांडीवर इतक्या जलद पाय आपटतात की उघड्या डोळ्यांना ते दिसतच नाही.

आता पाळणाऱ्यांच्या हातात असलेल्या एका गोष्टीविषयी. इतर फिंचांची अंडी बेंगलीजाखाली उबवून घेण्याची पद्धत सर्रास चालते, कारण बेंगलीज परकी पिल्लेही मायेने भरवतात. पण क्लाउस इमेलमान यांनी जर्मनीत केलेल्या प्रयोगांत असे दिसले की बेंगलीजांनी वाढवलेले झेब्रा नर मोठेपणी झेब्रा मादीकडे पाठ फिरवून बेंगलीज मादीपुढेच गात राहिले, आणि ही आवड पुढे आपल्याच जातीच्या मादीबरोबर जोडी जमवून संसार केल्यानंतरही टिकली. तेव्हा आईबाप अंडी टाकून देत असतील तरच धाय म्हणून बेंगलीज वापरावा, आणि पिल्लू स्वतः राळे सोलून खाऊ लागताच, म्हणजे साधारण पाच आठवड्यांचे झाल्यावर, त्याला आपल्या जातीच्या थव्यात सोडावे. त्याने आवड पुरती बदलेलच असे नाही, पण उशीर केल्यास ती बदलण्याची शक्यता आणखी कमी होते.

पायातल्या रिंगा निवडतानाही थोडे भान ठेवावे. नॅन्सी बर्ली यांना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला असे आढळले की झेब्रा माद्या लाल रिंगेच्या नराकडे अधिक वळतात आणि हिरव्या रिंगेचा नर मागे पडतो. नंतरच्या सर्वच प्रयोगांत हा परिणाम दिसला नाही, तरी एका जाळीत काही नरांना लाल आणि काहींना हिरवी रिंग घालण्याचे मी टाळतो. सगळ्या नरांना एकाच रंगाची रिंग घालून त्यावरच्या क्रमांकाने ओळख ठेवतो.