गाडी नुसती ‘टक’ करते, सेल्फ फिरत नाही: माझा अनुभव

डिसेंबरात नाशिकला सकाळी पारा दहाच्या खाली जातो, आणि अशाच एका सकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कॉलेज रोडला न्यायचं होतं. इंदिरानगरला आमच्या बिल्डिंगखाली गाडी लावलेली, जुनी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. किल्ली फिरवली तर फक्त एक ‘टक’. परत फिरवली, परत तेच. इंजिन जागचं हललं नाही, म्हणजे ते फिरवून सुरू करणारी मोटर (सेल्फ) फिरलीच नाही. आईला भावाबरोबर रिक्षाने पाठवलं आणि मी बोनेट उघडलं.

आता पार्किंगमध्ये बोनेट उघडं दिसलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच सांगतो, बॅटरी गेली. बॅटरीच्या दुकानात फोन केला तर त्यांनीही किती वर्षं झाली एवढंच विचारलं आणि म्हणाले मग गेलीच, घरी येऊन नवीन बसवून देतो. पण मला एक गोष्ट खटकत होती. हॉर्न खणखणीत वाजत होता, हेडलाइट पूर्ण उजेडात, आणि किल्ली फिरवताना लाइट जराही मंद होत नव्हते. बॅटरी खरंच बसलेली असती तर लाइट एकदम मरगळले असते ना.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले, ते सातपूरला विजेच्या स्विचगिअरच्या कारखान्यातून रिटायर झालेत. आवाज ऐकून म्हणाले, “एकच टक आहे ना? मग आधी मीटर लाव, पैसे नंतर खर्च कर.” आणि वर जाऊन मल्टिमीटर घेऊन आले सुद्धा.

आवाजाचं म्हणजे असं आहे. किल्ली फिरवली की आधी बारीक वायरने सेल्फवरच्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, करंट जातो, तो आतला दांडा ओढतो, दात फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) लागतात आणि त्याच वेळी आतला जाड तांब्याचा कॉन्टॅक्ट जुळतो. ‘टक’ होतो तो इथे. त्यानंतर मोटरला खरा करंट लागतो, छोट्या पेट्रोल गाडीला सुद्धा शंभर-दीडशे अँपिअर. बॅटरी कमजोर असेल तर कॉन्टॅक्ट जुळताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, परत ओढतो, म्हणून ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज येतो. एकच टक येऊन शांत झालं तर सोलेनॉइडने त्याचं काम केलंय पण मोटरपर्यंत पुरेसा करंट पोचत नाहीये, किंवा पोचतोय पण मोटर फिरत नाहीये. हे शंभर टक्के धरून चालू नका, खूपच उतरलेली बॅटरीही कधी एकच टक देते, म्हणून मीटर.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, अँपिअरच्या सॉकेटमध्ये पिन अजिबात घालायची नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि किल्ली फिरवायला दुसरा माणूस, कारण चुकून स्टार्ट झाली तर फॅन आणि बेल्टजवळ आपले हात नकोत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली आली तर आधी चार्जिंग. माझी १२.५ होती. मग काकांनी किल्ली फिरवली, मी प्रोब बॅटरीच्या खुंट्यांवरच धरले होते, टक झाला आणि आकडा १२.३ वर थांबला. काका म्हणाले, “बघ, बॅटरी कोणी ओढतच नाहीये.” म्हणजे सेल्फ करंट घेतच नव्हता. चांगली बॅटरी सेल्फ मारताना दहा-साडेदहापर्यंत खाली येते, ९.६ च्याही खाली गेली तर बॅटरीवर संशय. इथे तर खाली आलीच नाही. त्यामुळे नवी बॅटरी बसवली असती तरी तोच टक आला असता.

मग राहिलं काय, प्लसचा जाड केबल, मायनसचा रस्ता (अर्थिंग), आणि सेल्फ स्वतः. इथे बहुतेक जण सरळ सेल्फ उतरवायला घेतात, गाडी वर घ्या, खाली झोपा, मोटरला करंट देणारे कार्बन बदला, बुश बदला. त्याच्या आधी दोन मोजमापं करायची आणि ती किल्ली फिरवलेली असतानाच करायची, एरवी करंट वाहत नाही आणि दोष दिसतच नाही. एक, बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फवरच्या जाड बोल्टपर्यंत. दोन, मायनस खुंटीपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत, रंग किंवा गंज नसलेल्या जागी. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे. प्लसला जवळजवळ काहीच नाही. मायनसला आठच्या वर! बारा व्होल्टातले आठ अर्थिंगमध्येच संपत होते, सेल्फला उरले चार.

इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीशी त्याचा धातूचा संबंध त्या विणलेल्या तांब्याच्या अर्थ पट्टीनेच येतो. लाइट-हॉर्नला बॉडीतून अर्थ मिळतो म्हणून ते मस्त चालतात आणि आपण फसतो. पट्टी गेली की करंट दुसरा रस्ता शोधतो, एक्सिलरेटरची केबल, गिअरची केबल, आणि त्या तापू शकतात, म्हणून अशा वेळी किल्ली मारत बसणं बरं नाही.

खात्री करायला जंपर केबलची एकच काळी वायर घेतली, एक टोक आधी इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात स्टार्ट. खरं सांगतो, एवढा आनंद नवीन गाडी घेताना झाला नव्हता.

बॅटरीचा ट्रे काढल्यावर पट्टी दिसली. आधी मायनस टर्मिनल काढायचा, जोडताना शेवटी तोच, म्हणजे पाना बॉडीला लागून शॉर्ट होत नाही. बोल्टाखाली हिरवी पावडर, निम्म्या तारा तुटलेल्या, पावसाळ्यात त्र्यंबक रोडचा चिखल तिथे बसून राहिला होता. थंडीतच का उघडं पडलं तेही काकांनी सांगितलं, गार तेल घट्ट होतं, इंजिन जड फिरतं, सेल्फला जास्त करंट लागतो, आणि कमकुवत जोड तिथेच हार मानतो. द्वारकेजवळच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातून नवीन पट्टी आणली, किंमत बॅटरीच्या मानाने काहीच नाही. बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली आवळल्यावर, आधी नाही. त्यानंतर मायनसची तीच मोजणी ०.२ च्या आत, सेल्फ मारताना बॅटरी १०.७, इंजिन चालू असताना १४.२ म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनामोही ठीक.

मायनस साफ निघाली असती आणि प्लसही, तर मग मात्र दोष सेल्फचाच, सोलेनॉइडचे जळलेले कॉन्टॅक्ट किंवा झिजलेले कार्बन. तेव्हा सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकं ठोकलं की कधी कधी एकदा सुरू होते, पण ते फक्त गॅरेजपर्यंत पोचायला. आणि गाडी साचलेल्या पाण्यातून काढल्यावर टक येऊन अडकली असेल तर काहीही ठोकू नका, मीटरही नको, सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं, सरळ टोइंग बोलवा.

नंतर नाशिकरोडला मावसभावाची गाडी अडली, फोनवरच आवाज ऐकवला, भराभर टकटकटक. मोजायला लावलं तर उभ्या गाडीला ११.७ आणि किल्ली फिरवताना सातच्या खाली, टर्मिनल स्वच्छ आणि घट्ट. बॅटरी रात्रभर चार्ज करून परत बघितली, तरी सेल्फ मारताना तशीच कोसळली. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप देऊन चालू केल्यावर डायनामो १४ देत होता, म्हणून त्याची मात्र बॅटरीच बदलली.